घोड्यांच्या फार्मवरचा पहिला हिवाळा

दिवाळी झाली की उत्तर महाराष्ट्रातल्या तबेल्यांना ताडपत्र्या लागायला सुरुवात होते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की उरलेल्या फटीत पोती कोंबली जातात, दाराशी शेकोटी पेटते आणि महिनाभरात दोन-तीन घोडे खोकायला लागतात. मग दोष थंडीला.

खरं म्हणजे आपल्याकडच्या थंडीला धडधाकट घोडा घाबरत नाही. हिवाळी केस आलेला, पोटभर चारा मिळणारा मोठा घोडा ५ अंशांच्या आसपासही स्वतःला आरामात गरम ठेवतो. त्याला त्रास होतो तो कमी पाणी पोटात गेल्याचा, कोंदट हवेचा आणि पहाटे ८ अंश तर दुपारी ३० अशा हेलकाव्याचा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याच हातात असतात. दोन-चार मारवाडी किंवा काठियावाडी घोड्या घेऊन पैदास सुरू करणाऱ्यांनी आणि फार्मवर नव्याने कामाला लागलेल्यांनी हिवाळ्याचा दिवस कसा लावावा, ते क्रमाने सांगतो.

थंडी पडण्याआधी

आधी तबेला. ताडपत्री लावायचीच असेल तर वाऱ्याच्या एकाच बाजूने लावा आणि छपराखाली दीड-दोन फूट मोकळं सोडा. घोड्याच्या अंगावर थेट वारा येऊ नये, पण डोक्यावरून हवा खेळत राहिली पाहिजे. हवा पुरेशी आहे का हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. पहाटे लीद उचलण्याआधी ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या जागेत, उकिडवं बसा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया. तुम्ही उभे असताना तो जाणवत नाही, पण शिंगरू रात्रभर त्याच उंचीवर नाक ठेवून झोपतं. शेकोटी पेटवायची तर माणसांसाठी, आणि तबेल्यापासून लांब. ठिणगी आणि कडब्याची गंज यांचं नातं वेगळं सांगायला नको.

मग वही. प्रत्येक घोडी कोणत्या तारखेला घोड्याला लावली ते लिहा आणि त्यात ३४० दिवस मिळवा. घोडीचा गाभणकाळ साधारण अकरा महिन्यांचा असतो, पण ३२० दिवसांपासून वर्षभरापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे निघालेली तारीख अंदाज म्हणूनच धरा. त्याच पानावर लसी लिहा. धनुर्वाताचा बूस्टर विण्याआधी चार ते सहा आठवडे दिला की चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. गर्भपात घडवणाऱ्या हर्पिस विषाणूची लस गाभणकाळाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. तुमच्या भागात ती मिळते का आणि घ्यावी का, हे डॉक्टरांशी दिवाळीतच बोलून ठेवा. जानेवारीत आठवण होऊन उपयोग नसतो.

पावसाळा संपता संपता पायांच्या केसांवर पिवळसर, चिकट, खसखशीएवढी अंडी दिसतात. ती बॉट माशीची. घोडा पाय चाटतो आणि अळ्या पोटात जातात. ही अंडी खरवडून काढा. जंताचं औषध मात्र शेजाऱ्याने दिलं म्हणून देऊ नका. लीद तपासून आणि वजन पाहून डॉक्टर ठरवतील.

पहाटेची फेरी

साडेपाच-सहाला तबेल्यात गेलात की लगेच चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, डब्याला हात लावू नका. डब्याचा आवाज झाला की सगळे घोडे उठून खिंकाळतात आणि आजारी घोडाही पाच मिनिटं बरा दिसतो. आधी शांतपणे एक फेरी मारा आणि पाहा: रात्रीचा चारा संपला का, बादलीतलं पाणी किती उतरलं, लीद किती पडली आणि कशी आहे. मोठा घोडा दिवसरात्रीत आठ-दहा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर असावेत आणि जमिनीवर पडताच फुटावेत. कोरडे, लहान, वर चिकट आवरण असलेले गोळे दिसले तर समजा पाणी कमी पडतंय. पोटशूळाची ही सर्वांत आधी मिळणारी सूचना आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

ज्याने रात्रीचा चारा न खाता तसाच टाकलाय, जो कोपऱ्यात मान खाली घालून उभा आहे, त्याचा ताप आणि नाडी घ्या. ताप ९९ ते १०१ फॅरेनहाइटच्या दरम्यान असावा. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवर बोटं ठेवून मोजतात. मोठ्या घोड्याची शांत उभा असताना मिनिटाला २८ ते ४४. पहिले काही दिवस सगळ्याच घोड्यांची मोजून वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घोड्यांची नेहमीची संख्या तुम्हाला माहीत असेल.

पाणी

या भागावर जरा जास्त वेळ घेतो, कारण हिवाळ्यातलं निम्मं नुकसान इथेच होतं.

साधारण ४०० किलोच्या घोडीला रोज २५ ते ४० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात ती ते मागून पिते. थंडीत हौदातलं पाणी रात्रीत गार पडतं, घोडी दोन घोट घेते आणि तोंड फिरवते. त्याच वेळी हिरवा चारा कमी होऊन कडबा वाढलेला असतो. कोरडा चारा आणि कमी पाणी एकत्र आले की आतड्यात गोळा अडकतो.

यावर साधा उपाय म्हणजे बोअरचं ताजं पाणी. जमिनीतून नुकतं वर आलेलं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. पहाटे मोटर सुरू करून थेट बादल्या भरल्या तर पाणी तापवायची गरजच पडत नाही. पण शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल, तर मोटर तुमच्या सोयीने चालत नाही. अशा आठवड्यात बंबात किंवा चुलीवर पाणी तापवून गार पाण्यात मिसळावं. हाताला कोमट लागलं की पुरे.

हौद असला तरी हिवाळ्यात गाभण घोड्यांना बादलीनेच पाणी द्या, असं माझं मत आहे. त्रास जास्त होतो, पण कोण किती प्यायलं हे हौद कधीच सांगत नाही. दिवसाला ३० ते ५० ग्रॅम मीठ चंदीत मिसळलं की तहान टिकून राहते. सैंधवाचा खडा टांगून ठेवायला हरकत नाही, पण तोच चाटून गरज भागेल यावर विसंबू नका.

आणि तरीही पोट दुखलंच तर? घोडा कुशीकडे वळून वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ उचलतो, बसतो-उठतो, लोळतो. चारा लगेच काढून घ्या, डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत हळूहळू चालवा. बाटलीने तेल, काढा, सोडा काहीही पाजू नका. गावात कोणीतरी हमखास सांगेल की आम्ही नेहमी पाजतो. ते तेल फुप्फुसात गेलं तर पोटशूळातून वाचणारा घोडा न्यूमोनियाने जातो. डॉक्टर नाकातून नळी घालून औषध पोटातच जाईल याची खात्री करतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं चुकीचं काही तो बाहेर टाकू शकत नाही.

चारा आणि चंदी

कोरड्या वजनाने हिशेब करायची सवय लावा. घोड्याला रोज शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा घटक लागतो, म्हणजे ४०० किलोच्या घोडीला ८ किलो. हिरव्या लसूणघासात बहुतेक पाणीच असतं. २० किलो घास दिला तरी त्यातून ४ किलोच्या आसपास कोरडा घटक जातो. उरलेला कडबा, सुकं गवत आणि चंदी यांतून भरून काढायचा. निदान दोन तृतीयांश वाटा चाऱ्याचाच असावा. थंडीत अंग गरम ठेवायचं काम चाराच करतो, कारण तो आतड्यात कुजताना उष्णता निघते. म्हणून गारठा वाढला तर चंदी वाढवू नका, रात्रीचा चारा वाढवा.

चंदीत ओट किंवा जव भरडून, भिजवलेला हरभरा आणि थोडा गव्हाचा कोंडा हे नेहमीचं मिश्रण. कोंड्याचा हात मात्र आवरा. त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असतं. महिनोन्महिने जास्त कोंडा खाणाऱ्या घोड्यांची हाडं पोकळ होतात, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागतो. लसूणघासातल्या कॅल्शियमने हा तोल बराच सांभाळला जातो. गाभण घोडीची भूक शेवटच्या तीन महिन्यांत बदलते. पोटातलं शिंगरू निम्म्याहून जास्त वाढतं ते याच काळात. तेव्हा घास आणि हरभरा वाढवा, पण एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त चंदी कधीच नको.

काही गोष्टी घोड्यापुढे येऊच नयेत. पहिली म्हणजे कोंबड्यांचं खाद्य आणि गाईम्हशींचं काही तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गाईला ते पचतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात आणि त्यावर उतारा नाही. शेजारी गोठा असेल तर पोती आणि मापं वेगळी ठेवा. दुसरी म्हणजे कोवळी ज्वारी. हुरड्याच्या दिवसांत बांधावर ज्वारीचे फुटवे असतात, सुटलेला घोडा तिकडेच जातो. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. तिसरी, बुरशी आलेला भुईमुगाचा पाला. स्वस्त मिळतो म्हणून आणतात आणि नंतर यकृताचे आजार निस्तरतात. आदल्या रात्री कापून ढीग लावलेला घासही मधून गरम झालेला असतो. हात घालून पाहा, गरम लागला तर टाकून द्या.

ऊन, खरारा, झूल

नऊच्या सुमाराला ऊन तापलं की सगळ्यांना बाहेर सोडा. गाभण घोडीला तर चालण्याची जास्तच गरज असते. बांधून ठेवलेल्या घोडीचे पाय सुजतात आणि पोट मंदावतं.

हिवाळ्यात अंघोळीचा हट्ट सोडा. रोज अर्धा तास खरारा केला, म्हणजे ब्रशने अंग घासलं, की मेलेले केस निघतात, कातडीला तेल सुटतं आणि हात फिरवताना जखम, गाठ, बारीक झालेली बरगडी असं सगळं कळतं. हिवाळी केसांखाली घोडा रोडावला तरी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. खूर रोज उचलून साफ करा. ओल्या लिदीत उभा राहणाऱ्या घोड्याच्या तळपायाला काळा, घाण वासाचा स्राव येतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी आलाच पाहिजे, घोड्याला नाल नसले तरी.

झूल प्रत्येकाला लागत नाही. म्हातारा, आजारी, नुकतंच जन्मलेलं किंवा अशक्त शिंगरू आणि केस कापलेला किंवा हिवाळी केस न आलेला घोडा यांनाच घाला. बाजारातून घेतलेला चमकदार घोडा बहुतेक वेळा या शेवटच्या प्रकारात येतो. चमक यावी म्हणून विकणाऱ्याने त्याला दिवाळीपासून झुलीत ठेवलेलं असतं. तो घरी आल्यावर उघडा ठेवलात तर मात्र खरोखर गारठेल. गोणपाट शिवून केलेली झूल चालते, पण ऊन आलं की काढायचीच. दुपारी घामाने भिजलेली झूल संध्याकाळी अंगावर तशीच राहणार असेल, तर त्यापेक्षा झूल नसलेली बरी.

दिवे लावायचे का

पुण्याच्या परिसरातल्या रेसच्या घोड्यांच्या फार्मवर डिसेंबरात रात्री अकरापर्यंत दिवे दिसतात. नवख्याला वाटतं चोरांसाठी. कारण वेगळं आहे. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते आणि हिवाळ्यात बऱ्याच घोड्यांचा माज बंद किंवा अनियमित असतो. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांचं वय भारतात १ जानेवारीला मोजतात. २८ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू चार दिवसांत कागदावर एक वर्षाचं होतं आणि पुढे आपल्यापेक्षा खूप मोठ्या घोड्यांशी धावतं. त्यामुळे शिंगरू डिसेंबरात नको आणि जानेवारीनंतर जितकं लवकर तितकं बरं. त्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून घोडी लावता यायला हवी, आणि तोवर तिचा माज नियमित व्हायला हवा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा. संध्याकाळी सहा ते अकरा दिवा लावला की सोळा तास भरतात. साधारण दोन-अडीच महिन्यांत परिणाम दिसतो. ठाणाच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता यावं एवढा उजेड हवा, आणि रात्रीचा अंधारही हवा. चोवीस तास दिवा ठेवून उपयोग होत नाही.

मारवाडी, काठियावाडी घोड्यांना ही जानेवारीची घाई नाही. दोन घोड्यांसाठी हा खटाटोप करू नये असं मी म्हणेन. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बहुधा आपणहून माजावर येतात. पाच ते सात दिवस माज राहतो आणि साधारण २१ दिवसांनी परत येतो. तेवढं वहीत नीट लिहिलंत तर दिव्याचं बिल वाचेल.

सारंगखेडा आणि परतल्यावर

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोडे पाहायला शिकायचं तर याच्यासारखी शाळा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्राही त्याच महिन्याच्या अखेरीस येते. तिथे तुम्हाला देवमण (गळ्यावरची शुभ मानलेली भोवरी), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेला घोडा), कुठल्या भोवरीने, म्हणजे केसांच्या भोवऱ्याने, धनी बुडतो असं बरंच ऐकायला मिळेल. ऐका, कारण पुढे विकताना गिऱ्हाईकही हेच विचारणार. पण पैदाशीसाठी घोडी घेताना भोवरीआधी पाय, दात, कास आणि मागे किती वेळा व्याली हे पाहा.

यात्रेला घोडा नेताना ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग नसल्याचा तपासणी अहवाल जवळ हवा आणि घेतानाही तो मागायचा. ग्लँडर्स माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार करत बसता येत नाही, कायद्याप्रमाणे तो नष्ट करावा लागतो. परत आल्यावर, नवा असो की आपलाच फिरून आलेला, घोडा तीन आठवडे वेगळा ठेवा. बादली, खराऱ्याचा ब्रश, मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) सगळं वेगळं, आणि त्याचं काम मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याने, दिवसाच्या शेवटी करायचं. यात्रेतून येणारा नाकाचा शेंबूड आणि जबड्याखालची गाठ लहान शिंगरांत वाऱ्यासारखी पसरते.

विण्याची रात्र

जागरणाचे दिवस आता सुरू होतात. विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी घोडीची कास भरू लागते, शेपटीच्या बुडाचे स्नायू सैल पडतात. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळे थेंब दिसतात. सगळ्या घोड्या हे दाखवतीलच असं नाही. पहिलटकरीण तर हमखास फसवते. मात्र बहुतेक घोड्या रात्रीच वितात, आणि माणूस समोर उभा असेल तर विणं थोडा वेळ लांबवू शकतात. म्हणून लांबून, मंद उजेडात पाहा.

ठाण निदान १२ बाय १२ फुटांचं, खाली गव्हाच्या काडाची जाड गादी. लाकडाचा भुसा नको, तो ओल्या शिंगराच्या नाकाला आणि नाळेला चिकटतो. नाशिक, जुन्नर, संगमनेर भागात असाल तर आणखी एक गोष्ट. ऊसतोड सुरू झाली की बिबटे उसातून बाहेर पडतात. विणारी घोडी आणि शिंगरू रात्री उघड्या वाड्यात ठेवू नका. जाळी वरूनही बंद हवी.

हाताशी ठेवा: टॉर्च, घड्याळ, स्वच्छ कोरडे टॉवेल, घोडीची शेपटी बांधायला पट्टी, नाळेसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, कात्री आणि रात्रीही फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर.

पाणमोट फुटली की घड्याळ पाहा. इथून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. आधी पांढरट पिशवी आणि तिच्यात एकामागे एक दोन खूर, मग नाक दिसलं की ठीक. पांढऱ्याऐवजी लाल, मखमली पिशवी दिसली तर वार (शिंगराला पोटात पोसणारं आवरण) आधीच सुटलीय आणि शिंगराचा श्वास तुटतोय. तेव्हा डॉक्टरांची वाट पाहायला वेळ नसतो. एकीकडे फोन लावा, दुसरीकडे पिशवी फाडा आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगरू ओढून काढा. एरवी मात्र ओढाओढ करू नका. बाहेर आल्यावर नाळ लगेच कापू नका. घोडी उठली की ती आपोआप तुटते. नाळेच्या टोकाला पातळ क्लोरहेक्सिडिन किंवा पातळ पोव्हिडोन आयोडीन लावा. कडक टिंक्चर आयोडीनने कोवळी कातडी भाजते.

पुढचा हिशेब एक, दोन, तीन असा लक्षात ठेवा: एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत दूध ओढतंय, तीन तासांत वार पडलेली. यातलं काहीही चुकलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. पडलेली वार फेकू नका. जमिनीवर पसरून पाहा, तिच्या शिंगांसारख्या दोन्ही फाट्यांची टोकं पूर्ण आहेत का. हाताएवढा तुकडाही आत राहिला तरी घोडीला ताप येतो आणि त्यातून पाय कायमचे बिघडू शकतात.

चीक पहिल्या काही तासांतच जास्तीत जास्त पोटात जायला हवा. घोड्याच्या शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ मिळत नाही, सगळी चिकातून येते, आणि दिवसभरानंतर आतडं ती शोषून घ्यायचं थांबवतं. ओढत नसेल तर पिळून, पण डॉक्टरांना विचारून पाजा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून चीक पुरेसा लागला का हे कळतं. शिंगरू महागाच्या घोडीचं असेल तर ही तपासणी टाळू नका. काळी, चिकट पहिली लीद पहिल्या दिवसात पडायला हवी. शिंगरू शेपटी वर करून सारखं कुंथत असेल तर ती अडकली आहे.

गारठ्याच्या रात्री शिंगराला कोरडं करा, हलकी झूल घाला आणि ऊन आल्यावर आईबरोबर तासभर बाहेर सोडा. आठवडाभराने, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, घोडी पुन्हा माजावर येते. त्याच सुमाराला शिंगराला बऱ्याचदा पातळ हगवण लागते. ते दूध पीत असेल, उड्या मारत असेल आणि ताप नसेल तर शेपटीखालचा भाग कोमट पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावा. दूध सोडलं किंवा पडून राहिलं तर मात्र त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. त्या पहिल्या माजात घोडी लावायची की पुढच्या २१ दिवसांची वाट पाहायची, हे वार वेळेवर आणि पूर्ण पडली होती का यावरून ठरवा. शंका असेल तर ती पाळी सोडून द्या.